आयपी टाकला की उघडतं, नावाने उघडत नाही: होस्ट्स फाइलमध्ये ओळ टाकायच्या आधी हे बघा

प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत जॉबवर्कचा कारखाना, ऑफिस आणि शॉप मिळून १४ पीसी, त्यातला एक विंडोजचा पीसीच सर्व्हर म्हणून ठेवलाय आणि त्यावर ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, ब्राउझरमधून ८०८० पोर्टवर चालतं. इंटरनेटवाला बदलला, त्याने स्वतःचा राउटर बसवला, आणि दुसऱ्या दिवसापासून ईआरपी नावाने फक्त ६ पीसीवर उघडतंय, बाकीच्यांवर साइट सापडत नाही असा मेसेज येतो, पण आयपी, म्हणजे सर्व्हरचा नेटवर्कवरचा आकड्यांतला पत्ता, टाकला की सगळीकडे उघडतं. दुसरं दुखणं म्हणजे कंपनीची वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवली तरी ऑफिसात जुनीच दिसते. कोणीतरी सांगितलं होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ टाका, ती टाकल्यावर दोन पीसीवर काम झालं, एकावर नाही, आता सगळ्या पीसीवर टाकायची का?

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं हेच काम करतोय, अंबड, सातपूर, सिन्नरच्या माळेगावपर्यंत, आणि हा प्रॉब्लेम राउटर बदलला की हमखास येतो. उत्तर लांब होणार आहे कारण नुसती ओळ कशी टाकायची हे सांगून तुमचं आज भागेल पण तीन महिन्यांनी परत अडकाल.

आधी एक चांगली गोष्ट. आयपी टाकला की सगळीकडे उघडतंय ही तुमच्याकडची सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. याचा अर्थ केबल, स्विच, सर्व्हर, फायरवॉलमधला ८०८० पोर्ट, सगळं ठीक आहे, फक्त नावावरून आयपी शोधायचं काम बिघडलंय. आयपी टाकूनही उघडत नसतं तर होस्ट्स फाइलला हात लावण्यात काहीच अर्थ नव्हता, कारण ती फाइल रस्ता दुरुस्त करत नाही, ती फक्त नाव आणि आयपी यांची जोडी सांगते. लोक इथेच गल्लत करतात, साइट उघडत नाही म्हटलं की फाइलमध्ये ओळ टाकून मोकळे होतात. आणि ही तपासणी नुसत्या पिंगवर, म्हणजे समोरचा पीसी उत्तर देतो का हे बघणाऱ्या कमांडवर, करू नका, विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तरच देत नाही आणि मग सर्व्हर बंद आहे असं वाटतं. ब्राउझरमध्ये आयपी आणि पुढे कोलन देऊन ८०८० टाकून बघायचं, नाहीतर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड पोर्ट नंबर देऊन चालवायची, ती स्वच्छ सांगते की त्या पोर्टपर्यंत पोचता येतंय का नाही.

आता मी तुमच्या जागी असतो तर बंद पडलेल्या ८ पीसींकडे गेलोच नसतो. ज्या ६ पीसीवर चालतंय ते आधी बघितले असते. नावाने का उघडत नाही यापेक्षा या सहा जणांवर का उघडतंय हा खरा प्रश्न आहे. यातल्या कुठल्याही पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, आधी सर्व्हरच्या नावाला पिंग करा, मग तेच नाव देऊन एनएसलुकअप चालवा. दोघांचं उत्तर वेगळं येण्याची दाट शक्यता आहे, आणि त्या फरकातच सगळं दडलेलं असतं. एनएसलुकअप होस्ट्स फाइल बघतच नाही, ते सरळ डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारतं. पिंग मात्र विंडोजच्या नेहमीच्या वाटेने जातं, म्हणजे आधी होस्ट्स फाइल आणि कॅशे (आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा), मग डीएनएस, आणि तिथेही नाही मिळालं तर लोकल नेटवर्कवर ओरडून विचारणं, की या नावाचं कोणी आहे का रे इथे. तेव्हा पिंगमध्ये आयपी दिसतोय आणि एनएसलुकअप नाही म्हणतंय, तर त्या पीसीला नाव डीएनएसमधून मिळालेलं नाही. एकतर तिथे होस्ट्स फाइलमध्ये आधीच कोणीतरी ओळ टाकून ठेवलीय, किंवा लोकल नेटवर्कवरच्या हाकेला सर्व्हर उत्तर देतोय.

पुष्कळ लोक होस्ट्स फाइलमध्ये ओळ टाकतात आणि एनएसलुकअप चालवून बघतात आणि म्हणतात ओळ लागूच झाली नाही. ती लागू झालेली असते, तपासायचं हत्यार चुकीचं असतं. लिनक्सवर हीच गोष्ट डिग कमांडची, ती पण फाइल बघत नाही, तिथे गेटएंट होस्ट्स अशी कमांड देऊन नाव टाकायचं, मग फाइलसकट खरं उत्तर मिळतं.

माझा अंदाज सांगतो, तपासून घ्या. तुमच्या जुन्या राउटरमध्ये कोणीतरी ईआरपीच्या नावाची नोंद केलेली असणार, बहुतेक सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने. सगळे पीसी डीएनएस म्हणून राउटरलाच विचारायचे, राउटर सांगायचा १९२.१६८.१.१०, आणि कोणाला काही कळायची गरजच नव्हती. नव्या राउटरमध्ये ती नोंद नाही, त्याची लोकल रेंज तीच राहिली म्हणून आयपी चालतोय, नाव गेलं. आणि जे सहा पीसी चालतायत ते बहुधा राउटरमधल्या त्या नोंदीच्याही आधीचे आहेत, त्यांच्यावर कधीकाळी होस्ट्स फाइलमध्ये ओळ टाकली होती आणि सगळे विसरले. असं असेल तर तुमचा बिघाड नवीन पीसींचा नाहीये, उलट जुने पीसी एका विसरलेल्या ओळीवर तरलेत, आणि ज्या दिवशी सर्व्हरचा आयपी बदलेल त्या दिवशी ते सहा बंद पडतील आणि तेव्हा बाकीचे चालू असतील.

दुसरी एक शक्यता तितकीच खरी आहे आणि ती कोणी बघत नाही. विंडोज नेटवर्क ओळखतं ते बऱ्याच अंशी समोरच्या राउटरवरून. राउटर बदलला की विंडोजला वाटतं हे नवीनच नेटवर्क आहे, आणि नवीन नेटवर्कला ते आपसूक पब्लिक प्रोफाइल लावतं. पब्लिक प्रोफाइल म्हणजे स्टेशनवरच्या वायफायला जोडल्यासारखं वागणं, नेटवर्क डिस्कव्हरी बंद, शेअर केलेलं फोल्डर बंद, आणि लोकल नेटवर्कवर कोणी नावाने हाक मारली तर उत्तर बंद. पण ईआरपीचा ८०८० पोर्ट, तो बसवताना फायरवॉलमध्ये सगळ्या प्रोफाइलसाठी उघडलेला असतो, त्यामुळे आयपी टाकला की उघडतं आणि नावाने नाही, अगदी तुमच्यासारखं लक्षण. सर्व्हरच्या पीसीवर सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट असं जाऊन प्रोफाइल बघा, पब्लिक असेल तर प्रायव्हेट करा. दोन मिनिटांचं काम आहे आणि बऱ्याचदा इथेच प्रकरण मिटतं. टॅलीचा डेटा शेअर्ड फोल्डरवर असेल आणि तोही त्याच दिवसापासून दिसत नसेल तर मग कारण हेच धरून चाला.

हे दोन्ही बघून झालं की मग होस्ट्स फाइल. ती वापरू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. ही व्यवस्था डीएनएसपेक्षा जुनी आहे. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट नेटवर्कच्या काळात जगातल्या सगळ्या जोडलेल्या कॉम्प्युटरांची नावं एकाच होस्ट्स डॉट टीएक्सटी फाइलमध्ये असायची, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जायची, एलिझाबेथ फाइनलर यांच्या टीमकडे ते काम होतं, आणि बाकीचे सगळे तिथून ती उतरवून घ्यायचे. कॉम्प्युटर वाढत गेले, कॉपी जुन्या पडायला लागल्या, नावं एकमेकांवर आदळायला लागली, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तुम्ही १४ पीसीवर हाताने ओळ टाकणार म्हणजे जो त्रास तेव्हा सगळ्या नेटवर्कला झाला तोच लहान प्रमाणात अंबडच्या शेडमध्ये आणणार, फाइल अनेक ठिकाणी आणि खरं उत्तर बदललं की प्रत्येक ठिकाणी वेगळं खोटं.

तर फाइल कशी उघडायची. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी, आणि आत होस्ट्स नावाची फाइल, तिला कुठलंही एक्स्टेन्शन नसतं. स्टार्टमध्ये नोटपॅड शोधा, त्यावर राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर, मग नोटपॅडच्या आतून फाइल, ओपन, आणि खाली टेक्स्ट फाइल्सच्या जागी ऑल फाइल्स निवडा नाहीतर फोल्डर रिकामं दिसेल. डबल क्लिक करून उघडली तर वाचता येते पण सेव्ह होत नाही, मग माणूस डेस्कटॉपवर सेव्ह करतो, तिथे नोटपॅड गुपचूप डॉट टीएक्सटी लावतं, विंडोज एक्स्टेन्शन लपवून ठेवतं म्हणून नाव बरोबर दिसतं, तीच फाइल परत ईटीसीमध्ये टाकली जाते आणि आता तिथे दोन फाइल्स आहेत, एक खरी आणि एक जिच्याकडे विंडोज ढुंकूनही बघत नाही. तुमच्या ज्या एका पीसीवर ओळ टाकूनही काम झालं नाही तिथे पहिल्यांदा हेच बघा. एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमधून फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा, लगेच उघडं पडेल.

ओळ अशी असते, मी इथे देवनागरीत लिहितोय पण टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत:

१९२.१६८.१.१०    ईआरपी-सर्व्हर    # शॉपचं ईआरपी, तारीख, टाकणाऱ्याचं नाव

आयपी आधी, मग एक-दोन स्पेस किंवा टॅब, मग नाव. हॅशच्या पुढचं विंडोज वाचत नाही, ते माणसांसाठी आहे आणि ते लिहाच, हे मी कळकळीने सांगतोय. तारीख आणि नाव नसलेली ओळ दोन वर्षांनी कोणी काढायला धजत नाही, ठेवायचं का काढायचं हेच कळत नाही. नावाच्या आधी एचटीटीपी वगैरे लिहायचं नाही, पोर्ट लिहायचा नाही, शेवटी स्लॅश नाही. ८०८० इथे लिहून काही होत नाही, तो ब्राउझरमध्ये नावापुढे द्यावाच लागतो. स्टार टाकून सगळी सबडोमेन एकदम जोडता येत नाहीत, आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेलं नाव आणि न लावलेलं नाव ही दोन वेगळी नावं आहेत, दोन्ही हवी असतील तर दोन्ही लिहा, एकाच ओळीत स्पेस देऊन चालतात. एकाच नावाच्या दोन ओळी वेगवेगळ्या आयपीने ठेवू नका, जुनी ओळ आधी हॅश लावून बंद करा. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेली ओळ सरळ पेस्ट करू नका, कधी कधी न दिसणारं कॅरेक्टर सोबत येतं आणि ओळ बरोबर दिसूनही चालत नाही, हाताने टाइप करा, आहेच किती.

सेव्ह केल्यावर आयपीकॉन्फिगला फ्लशडीएनएस देऊन कॅशे साफ करा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडा. मॅकवर फाइल ईटीसी फोल्डरमध्येच असते, तिथे कॅशे साफ करायला एमडीएनएसरिस्पॉन्डरला किलऑल एचयूपी द्यावं लागतं.

इतकं करूनही उघडत नसेल तर दोन गोष्टी आहेत ज्या फाइलशी संबंधितच नाहीत. एक, नाव जर एकच शब्द असेल, त्यात डॉट नाही, तर क्रोमच्या पट्टीत ते टाकल्यावर क्रोम त्याचा गूगल सर्च करतं, साइटवर जातच नाही. शेवटी स्लॅश द्या किंवा पुढे एचटीटीपी लिहून पूर्ण पत्ता टाका. ब्राउझर कधी स्वतःहून एचटीटीपीएसवर जायला बघतो आणि तुमचं ईआरपी साध्या एचटीटीपीवर आहे, म्हणून पूर्ण पत्ता एकदा लिहून बुकमार्क करून द्या सगळ्यांना. दोन, त्या पीसीवर प्रॉक्सी लावलेला असेल किंवा ब्राउझरमध्ये फुकटच्या व्हीपीएनचं एक्स्टेन्शन असेल तर नाव शोधायचं काम तुमचा पीसी करतच नाही, ते लांबचा प्रॉक्सी सर्व्हर करतो, त्याला तुमच्या होस्ट्स फाइलचं काय घेणं-देणं. हे अकाउंट्सच्या मुलांच्या पीसीवर हमखास सापडतं.

फाइल उघडलीच आहे तर शेवटपर्यंत स्क्रोल करून बघा, खरंच शेवटपर्यंत. व्हायरसवाले शे-दोनशे रिकाम्या ओळी सोडून खाली आपल्या ओळी टाकतात म्हणजे उघडल्या उघडल्या दिसत नाहीत. बँकेचं नाव, ईमेलचं नाव, अँटीव्हायरसच्या अपडेटचं नाव असलेली ओळ दिसली तर ते इथे असायचं काही कारणच नाही, तो पीसी नेटवर्कवरून काढा आणि आधी स्कॅन करा. कॅड सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी टाकलेल्या पीसीवर पण लायसन्स सर्व्हर अडवायच्या ओळी असतात, त्या दिसल्या की पुढचं काय ते मालकाशी बोला. डिफेंडर कधी कधी बदललेल्या होस्ट्स फाइलवर आक्षेप घेऊन ती परत मूळ रूपात आणतो, विशेषतः मायक्रोसॉफ्टची नावं अडवलेली असतील तर, आणि त्यासोबत तुमची ओळही जाते. काही अँटीव्हायरस फाइल लॉकच करतात. आणि हेही लक्षात असू द्या की फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे विंडोज रजिस्ट्रीतल्या डेटाबेसपाथ नावाच्या नोंदीवरून ठरवतं, ती नोंद बदललेली असेल तर तुम्ही एक फाइल एडिट करताय आणि विंडोज भलतीच वाचतंय.

आता शेअर्ड फोल्डर असेल तर, होस्ट्समध्ये सर्व्हरचं जे खरं कॉम्प्युटर नेम आहे तेच लिहा. मनाने वेगळं सुटसुटीत नाव दिलं की वेबपेज उघडतं पण फोल्डरला विंडोज युजरनेम-पासवर्ड मागत बसतं, कारण क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये सेव्ह केलेला पासवर्ड नावाला बांधलेला असतो, आयपीने जोडलेला ड्राइव्ह आणि नावाने जोडलेला ड्राइव्ह विंडोजच्या लेखी दोन वेगळे सर्व्हर आहेत.

सगळ्या १४ पीसीवर टाकायची का, तर माझं उत्तर नाही. आज डिस्पॅच अडकलंय तर आज दोन-चार ठिकाणी टाका, काम चालू करा, पण शनिवारी कारखाना बंद असेल तेव्हा हे एका जागी आणा. ती जागा म्हणजे डीएनएस. आणि त्याच्याही आधी सर्व्हरचा आयपी पक्का करा, राउटरच्या डीएचसीपी रेंजच्या (राउटर पीसींना आपोआप वाटतो त्या आयपींच्या) बाहेरचा, म्हणजे रेंज १०० ते २०० असेल तर सर्व्हर १० वर, किंवा राउटरमध्ये सर्व्हरच्या नेटवर्क कार्डच्या मॅक ॲड्रेसवर रिझर्व्हेशन. आयपीच जर उद्या बदलणार असेल तर नाव कुठेही लिहिलं तरी उपयोग नाही.

इंटरनेटवाल्याने दिलेल्या डब्यात लोकल नाव टाकायची सोय बहुतेक वेळा नसते, मेनू शोधून बघा, नसेल तर त्याच्यामागे स्वतःचा राउटर लावा. तो मायक्रोटिक कंपनीचा असेल तर आयपी, डीएनएस, स्टॅटिकमध्ये एक नोंद आणि अलाऊ रिमोट रिक्वेस्ट्स चालू, पण मग बाहेरून डीएनएसचा ५३ पोर्ट फायरवॉलमध्ये बंद केलाच पाहिजे, नाहीतर तुमचा राउटर जगभराच्या हल्ल्यांना वापरला जातो आणि इंटरनेट स्लो म्हणून तुम्ही कंपनीला फोन करत बसता. वेगळा राउटर घ्यायचा नसेल तर एखादा जुना पीसी किंवा रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घेऊन त्यावर डीएनएसमास्क नावाचं डीएनएस सर्व्हरचं सॉफ्टवेअर चालवा. ते त्या मशीनची होस्ट्स फाइल वाचतं आणि त्यातली नावं सगळ्या नेटवर्कला सांगतं, म्हणजे तुम्हाला हवी होती तीच फाइल, तीच ओळ, फक्त १४ ऐवजी एका ठिकाणी. एमजी रोडवरून आणलेल्या सेकंडहँड पीसीवर हे वर्षानुवर्षं चालतं, त्याला ताकद लागत नाही. यूपीएसवर ठेवा मात्र.

इथे एक जागा अशी आहे जिथे चांगले चांगले लोक घसरतात. डीएचसीपीमध्ये पहिला डीएनएस आपला आणि दुसरा, असू द्या बॅकअपला म्हणून, ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सगळ्यांसाठी खुला डीएनएस. असं करू नका. लोकांना वाटतं पहिल्याला नाव सापडलं नाही तर दुसऱ्याला विचारलं जातं आणि उलटही. तसं नसतं. विंडोज दुसऱ्याकडे जातं ते पहिला वेळेत बोलला नाही तर, आणि एकदा गेलं की काही काळ तिकडेच राहू शकतं. ८.८.८.८ ला तुमच्या शेडमधला सर्व्हर माहीत असायचं कारणच नाही, तो ठामपणे सांगतो असं नावच नाही, आणि पीसी ते खरं मानतो. मग ईआरपी सकाळी चालतं, दुपारी चालत नाही, रीस्टार्ट केलं की चालतं, परत चार वाजता बंद, आणि सगळे सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या घालतात. दुसरा डीएनएस द्यायचाच असेल तर तोही आपलाच असावा, त्यातही तीच नोंद असावी.

नाव ठेवताना डॉट लोकल टाळा, ते एमडीएनएससाठी (लोकल नेटवर्कवर हाक मारून नाव शोधायच्या पद्धतीसाठी) राखून ठेवलंय आणि मॅक, प्रिंटर, काही लिनक्स मशीन ते नाव डीएनएसला विचारतच नाहीत. आतल्या वापरासाठी २०२४ मध्ये आयकॅनने, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेने, डॉट इंटर्नल राखून ठेवलंय, ते वापरा, किंवा तुमचं स्वतःचं विकत घेतलेलं डोमेन आहेच, त्याचं एखादं सबडोमेन घ्या, मला तर हा दुसरा रस्ता जास्त आवडतो कारण पुढे एसएसएल लावायचं म्हटलं तर सोपं जातं.

सेल्सच्या लॅपटॉपवर तर ती ओळ नकोच. आत १९२.१६८.१.१० बरोबर आहे, पण तोच लॅपटॉप घरी इंदिरानगरला किंवा पुण्याला कस्टमरकडे गेला की त्या आयपीवर काहीही असू शकतं, कोणाचातरी प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, आणि लॅपटॉप ईआरपीचं नाव घेऊन त्याच्याशी बोलायला जातो. बाहेरून ईआरपी लागत असेल तर व्हीपीएन करा.

वेबसाइटचं. होस्टिंग बदलल्यावर २४ ते ४८ तास लागतात असं सगळे सांगतात पण का ते सांगत नाहीत. काही पसरत वगैरे नसतं, प्रत्येक डीएनएस सर्व्हरने जुनं उत्तर ठरावीक वेळ जपून ठेवलेलं असतं, त्याला टीटीएल म्हणतात, तो संपला की तो नव्याने विचारतो. टीटीएल ८६४०० सेकंद असेल तर एक दिवस. डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदींचा वरचा टीटीएल १७२८०० सेकंद आहे, ते झाले ४८ तास, तो आकडा तिथून आलाय. म्हणून पुढच्या वेळी हलवायच्या दोन दिवस आधी टीटीएल ३०० वर आणा, हलवा, स्थिर झालं की परत वाढवा.

आता दोन दिवस उलटून गेले असतील आणि ऑफिसातच जुनी दिसत असेल तर मोबाईलचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर उघडा. तिथे नवी दिसली तर जगासाठी साइट बदललीय आणि ऑफिसातलंच काहीतरी जुनं सांगतंय. मग पीसीवर एनएसलुकअपला साइटचं नाव आणि पुढे स्पेस देऊन ८.८.८.८ लिहा, एकदा ते न लिहिता चालवा. दोन आयपी वेगळे आले तर तुमचा राउटर किंवा इंटरनेटवाल्याचा डीएनएस जुनं उत्तर धरून बसलाय, राउटर रीस्टार्ट करा. दोन्ही सारखे नवे आले आणि तरी ब्राउझरमध्ये जुनी दिसते, तर बघा, त्या पीसीवर होस्ट्समध्ये वेबसाइटची ओळ असणार. वेबसाइट बनवणारे नवी साइट लाइव्ह करायच्या आधी दाखवण्यासाठी ती ओळ टाकायला सांगतात, आणि ते योग्यच आहे, होस्ट्स फाइलचा माझ्या मते सगळ्यात चांगला उपयोग हाच, जगाला जुनी साइट दिसत असताना तुम्ही एकटे खऱ्या नावाने नवी तपासू शकता, फॉर्म जातोय का, फोटो दिसतायत का. फक्त सर्टिफिकेटची वॉर्निंग आली तर घाबरू नका, फुकटचं सर्टिफिकेट बऱ्याचदा डीएनएस खरोखर वळवल्यावरच निघतं. पण तपासणी झाली की ती ओळ काढायची असते, आणि ती कोणी काढत नाही.

बरं, वेबसाइट हलवताना मेल तपासलात का? होस्ट्स फाइल मेलच्या एमएक्स नोंदींना, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा ते सांगणाऱ्या डीएनएसमधल्या नोंदींना, हातच लावत नाही, तिथे ओळ टाकून येणारा मेल सुधारणार नाही. नेमसर्व्हरच बदलले असतील तर जुन्या ठिकाणच्या एमएक्स आणि मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएमच्या नोंदी नव्या ठिकाणी हाताने उतरवाव्या लागतात. वेबसाइट झकास दिसतेय आणि कस्टमरची पीओ (खरेदीची ऑर्डर) चार दिवस कुठेच पोचत नाहीये असं होऊ शकतं, म्हणून बाहेरच्या जीमेलवरून आजच एक मेल पाठवून बघा.

बँक, सरकारी पोर्टल, मोठ्या साइट्स यांच्या ओळी मात्र कधीही टाकू नका. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला पोर्टल उघडत नाही म्हणून कुठल्यातरी व्हिडिओत बघून आयपी टाकणारे भेटतात. अशा साइट्सच्या मागे पुष्कळ सर्व्हर असतात, आयपी बदलत राहतात, आज लागलेली ओळ पुढच्या महिन्यात नेमकी शेवटच्या दिवशी दगा देते, आणि तेव्हा सगळ्यांकडे पोर्टल चालू आणि फक्त तुमच्याकडे बंद. तिथे डीएनएस सर्व्हर बदलून बघणं जास्त शहाणपणाचं.

शॉपमध्ये टॅब लावायचा विचार आहे म्हणालात. अँड्रॉइडवर होस्ट्स फाइल असते पण रूट केल्याशिवाय, म्हणजे सिस्टमचे पूर्ण अधिकार जबरदस्तीने मिळवल्याशिवाय, बदलता येत नाही, आणि शॉपच्या टॅबला रूट करू नका. म्हणजे टॅब आले की डीएनएसची एकच नोंद हाच मार्ग उरतो. तिथे अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएस नावाचं सेटिंग आहे, त्यात कोणी बाहेरच्या सर्व्हिसचं नाव घातलं असेल तर टॅब राउटरला विचारतच नाही, सरळ बाहेर विचारतो, आणि ईआरपीचं नाव सापडत नाही. ते ऑफ करा. क्रोम आणि फायरफॉक्समधल्या सिक्युअर डीएनएस या सेटिंगचंही असंच. गंमत अशी की पीसीवर हे दोन्ही ब्राउझर होस्ट्स फाइलला साधारणपणे मानतात, त्यामुळे सिक्युअर डीएनएस चालू असलेल्या पीसीवर फाइलमधली ओळ चालते पण राउटरमधली नोंद चालत नाही. तेव्हा शनिवारी नोंद राउटरमध्ये टाकल्यावर आधी एका पीसीची होस्ट्स ओळ हॅश लावून बंद करा, कॅशे साफ करा, एनएसलुकअप आणि ब्राउझर दोन्हींवर बघा, एनएसलुकअपमध्ये १९२.१६८.१.१० आलं आणि ब्राउझरमध्ये ईआरपी नावाने उघडलं की मग बाकीच्यांच्या ओळी काढा, ते जुने सहा पीसी धरून.